पिकू द्या म्हणे!

आमच्या भागात मोतीबिंदू पिकावा लागतो, सीताफळ पिकतं तसा. कुणाच्या डोळ्यात जरा पांढरं दिसलं की घरात बैठक बसते. एक जण अंगठ्याने खालची पापणी ओढतो, दुसरा मोबाइलचा उजेड मारतो आणि तिसरा बाजेवर बसल्या बसल्या निकाल देतो, "अजून हिरवा हाय. पिकू द्या." ज्याचा डोळा असतो तो बिचारा पत्र्याकडे बघत बसलेला असतो. बाबा रे, तुला दिसतं तरी किती, असं त्याला कुणी विचारत नाही.

मी विशाखा. लातुरात एका डोळ्यांच्या दवाखान्यात बारा वर्षं काम करते. डॉक्टर नाही, तंत्रज्ञ. चष्म्याचा नंबर काढायचा, डोळ्यातला दाब मोजायचा, ऑपरेशनआधी भिंगाचं माप घ्यायचं, ही माझी कामं. त्यामुळे हे 'पिकू द्या' प्रकरण मी रोज ऐकते. एके काळी त्यात तथ्य होतं. तेव्हाची ऑपरेशनची पद्धतच अशी होती की डोळ्यातलं भिंग पुरतं घट्ट झाल्याशिवाय डॉक्टर हात लावत नसत. ती पद्धत मोडीत निघून तीसेक वर्षं झाली. पण लोकांच्या तोंडची म्हण कोण बदलणार? आणि ज्यांनी बदलायची तेच ती म्हण म्हणत असले, तर?

मला सांगायचं आहे ते माझ्या धुरपता आत्याबद्दल. शांतपणे लिहावं म्हणून तीनदा बसले आणि तीनदा उठले. जमत नाही. तेव्हा रागानेच लिहिते.

धुरपता आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिचं सासर लोह्यापासून सात किलोमीटरवर. वय पन्नाशीच्या आतबाहेर. नक्की जन्मतारीख विचारली तर म्हणते, "शाळेतल्या मास्तरला इचार, त्यानंच ठरवली." उंच, हाडापेराने मजबूत, चालताना मान किंचित उजवीकडे वळलेली. ती मान तशी का, ते कळायला तिच्या चौथ्या वर्षात जावं लागतं.

चार वर्षांची असताना ती माझ्या आजीच्या मागे मागे ज्वारीच्या रानात गेली. ज्वारी काढून झाली होती, रानात नुसती धसकटं उभी. पळता पळता पडली आणि एक धसकट उजव्या डोळ्यात गेलं. आजीने काय करावं? ज्या बायांनी जे सांगितलं ते केलं. बाळंतिणीचं दूध घातलं, एरंडेल घातलं, पदराची उबदार पुरचुंडी ठेवली. महिन्याभरात दुखणं थांबलं आणि बुबुळावर पांढरा डाग बसला. आमच्याकडे त्याला 'फूल पडलं' म्हणतात. हे नाव ज्याने ठेवलं त्याला एकदा भेटायची माझी इच्छा आहे. त्या डोळ्याने आत्याला पुढे फक्त दिवस आणि रात्र एवढंच कळायचं. आजीवर मी रागावत नाही. तिला विचारायला जागा नव्हती. आता जागा आहेत, म्हणून तर एवढा संताप होतो.

तेव्हापासून आत्याचा सगळा संसार डाव्या डोळ्यावर. उजव्या बाजूचं दिसावं म्हणून ती मान वळवते, ती सवय. लग्न जमताना तिच्या फुलाची चर्चा झालीच. भीमामामा, म्हणजे आत्याचे मालक, तेव्हा म्हणाले होते म्हणे, "मला काय डोळ्यात सुई ओवायची हाय का तिच्या?" माणूस चांगला होता. मुलगा आदर्श नऊ वर्षांचा असताना मामा काविळीने गेले. आत्याने मग दुसऱ्याच्या रानात खुरपून, कापूस वेचून, चिंचा फोडून पोराला आयटीआयपर्यंत नेलं. आता तो चाकणला एका कंपनीत आहे.

आणि या सगळ्यात तिने एक गोष्ट स्वतःसाठी केली. ती वाचायला शिकली.

आदर्श तिसरीत होता तेव्हा त्याचा धडा घेता घेता. पोरगं वाचायचं, ही बोट ठेवायची. आधी जोडाक्षरं चुकायची, मग चुकेनाशी झाली. चौथीचं पुस्तक संपलं, मग पाचवीचं. वस्तीतल्या विहारात वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. पूर्वी वाचायला बाहेरून कुणी शिकलेला माणूस बोलवावा लागे. तो एक दिवस आला, दोन दिवस आला, तिसऱ्या दिवशी त्याची मोटारसायकल पंक्चर. एका वर्षी असंच झालं तेव्हा आत्या उठली, पांढरी साडी सावरली आणि म्हणाली, "मी वाचून बघते." मान उजवीकडे वळवून, पुस्तक डाव्या डोळ्यासमोर धरून, बोट ठेवून, सावकाश. वाक्य अडलं तर थांबायची. सगळी वस्तीही थांबायची. कुणी हसलं नाही. त्या वर्षापासून वाचणारी तीच. सोळा वर्षं.

तिला मजुरी करणारी बाई म्हणा, विधवा म्हणा, काही म्हणा. ती स्वतःची ओळख सांगताना म्हणायची, "मी विहारात वाचते." डावा डोळा गेला असता तर काय गेलं असतं हे कळावं म्हणून एवढं सांगितलं.

आता चिंचेचं.

माघ-फाल्गुनात आमच्याकडे चिंचा झोडतात. लातूरच्या आडतीवर चिंच मोठी चालते, पण आडतीवर जायच्या आधी ती फोडावी लागते. टेम्पोतून पोती वस्तीत येतात, बाया अंगणात बसतात. समोर एक दगड, हातात लहान लोखंडी हातोडी. टरफल काढायचं, शिरा ओढायच्या आणि चिंच दगडावर उभी धरून एकेक ठोका द्यायचा, म्हणजे चिंचोका सुटून बाहेर पडतो. हात बसलेली बाई बघितलीत तर गंमत वाटेल, इतकं पटापट चालतं. पण चिंचोका कुठे उडेल याचा नेम नसतो. कपाळावर बसतो, गालावर बसतो. बाया हसतात आणि पुढची चिंच घेतात. उसाच्या कारखान्यात, वेल्डिंगच्या दुकानात, गवंड्याच्या हाताखाली कुठे कुठे आता डोळ्यावर चष्मा दिसतो. चिंचा फोडणाऱ्या बाईच्या डोळ्यावर चष्मा मी आजवर बघितलेला नाही. तिला कुणी दिला नाही, आणि तिलाही वाटलं नाही की आपण चष्मा लावायचं काम करतो.

शिमग्याच्या आधी आठ दिवस, दुपारी, आत्याच्या हातोडीखालून चिंचोका सुटला आणि थेट डाव्या डोळ्यावर बसला.

ती हातोडी टाकून दोन्ही तळव्यांनी डोळा झाकून बसली. शेजारची महामायाबाई पाणी घेऊन धावली. पोती आणून देणारा मन्मथ तेव्हा तिथेच होता. माणूस वाईट नाही. त्याने आत्याला सावलीत बसवलं, लोह्याहून येताना मेडिकलमधून थेंबांची बाटली आणली, म्हणाला, "दोन दिस आराम करा, बाई." दोन दिवसांनी लाली गेली, दुखणं गेलं, दिसायला लागलं. आत्या परत दगडासमोर बसली. बाहेरून डोळा स्वच्छ दिसत होता. आतल्या भिंगाला मुका मार लागला होता आणि असा मार लागलेलं भिंग हळूहळू गढूळ होतं, हे त्या अंगणात कुणाला ठाऊक असणार? कुणालाच नाही. तिथेही मी कुणाला दोष देत नाही.

दोष पुढे आहे.

चैत्र-वैशाखात आत्याला धुरकट दिसायला लागलं. आधी वाटलं चुलीचा धूर, मग वाटलं ऊन. ज्येष्ठात ती लोह्याला माझ्या वडिलांकडे गेली. माझे वडील आनंदराज, जिल्हा परिषदेच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. रोज पेपर वाचतात, चार लोक त्यांचा सल्ला घेतात. शिवाय त्यांचा स्वतःचा मोतीबिंदू तीन वर्षांपूर्वी निघालेला, त्यामुळे डोळ्याच्या बाबतीत ते स्वतःला अर्धे डॉक्टर समजतात. बाबांनी आत्याला उजेडात उभं केलं. चष्मा कपाळावर चढवून निरखलं.

"मोतीबिंदूच हाय," ते म्हणाले. "पन कच्चा हाय. माझा बघ, चांगला पिकू दिला, मग काढला. अन् तुला तर एकच डोळा. घाई करून घालवून बसशील."

"दादा, वर्षावास तोंडावर आला. वाचता येईना."

"एक वर्ष दुसरं कुनी वाचंल. डोळा मोठा का वाचन मोठं?"

हा प्रश्न त्यांना बिनतोड वाटला. आत्या पदर सावरून परत निघाली. थोरला भाऊ, त्यात हेडमास्तर.

बाबांचं गणित मला कळतं, म्हणूनच ते जास्त लागतं. एकच डोळा आहे म्हणून जपायचा, आणि जपायचा म्हणजे हात लावायचा नाही. दुसरं कुणी असतं तर गेलं असतं कुठेतरी, दोन डोळेवाल्याला धीर असतो. आत्याला जिथे तिथे त्या एका डोळ्याचीच भीती घालण्यात आली. माणसाजवळ एकच भाकरी असेल तर ती झाकून ठेवा म्हणतील, खाऊ नका म्हणतील, आणि ती वाळून गेली की हळहळतील.

वर्षावास सुरू झाला आणि आत्या विहारात जाऊन नेहमीच्या जागी बसली. पुस्तक उघडलं, मान वळवली, बोट ठेवलं आणि वाचलं. रोज. महिनाभर कुणाला काही कळलं नाही. मग एका संध्याकाळी महामायाबाई, जी तिच्या शेजारीच बसायची, घरी परतताना म्हणाली, "धुरपताबाई, तू वाचून राहिली का बोलून राहिली?"

आत्या थांबली.

"पान उलटायला इसरतीस तू," महामायाबाई म्हणाली. "आज सारं एकाच पानावर झालं."

सोळा वर्षं वाचलेलं तिला तोंडपाठ होतं. अक्षरं दिसत नव्हती, ती आठवून सांगत होती आणि अंदाजाने पानं उलटत होती. हे मला महामायाबाईने नंतर सांगितलं. आत्याने कधीच सांगितलं नसतं. मी हे ऐकून दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले, आणि मला सहसा रडू येत नाही, राग येतो.

महामायाबाईच मग तिला घेऊन शिबिराला गेली. श्रावणात लोह्याच्या एका मंगल कार्यालयात कुणा पुढारी दादाच्या वाढदिवसाचं मोफत नेत्र शिबिर होतं. दारात दादाचा हसरा फलक, आत दादाची खुर्ची, आणि अंगणात तीनशे म्हातारी माणसं. सकाळी आठला रांगेत उभी राहिलेली आत्या दोन वाजता टेबलापर्यंत पोचली. टेबलामागच्या माणसाने बॅटरी मारली. तो डॉक्टर होता, का माझ्यासारखा कुणी, का नुसता बॅटरीवाला, आत्याला माहीत नाही.

"उजवा गेल्यालाच हाय का?"

"हाव. ल्हानपनीच."

"मग शिबिरात न्हाई घेता येत. एक डोळा असलेला पेशंट घेत न्हाईत आम्ही. अन् तसाबी अजून पिकला न्हाई. पुढच्या साली बघा."

नियम मला माहीत आहे. पुष्कळ शिबिरांत एकडोळ्या रुग्णाला घेत नाहीत, कारण काही बिघडलं तर माणूस पुरता आंधळा होतो आणि बोभाटा होतो. ठीक. घेऊ नका. पण मग ज्याला एकच डोळा आहे त्याला सगळ्यांत आधी मोठ्या दवाखान्यात पोचवायला नको का? एक चिठ्ठी. "नांदेडला दाखवा, तातडीने." तीन शब्द. त्याऐवजी आत्याला काय मिळालं? एक बिस्किटांचा पुडा, एक केळं आणि दादाचं नाव छापलेला काळा गॉगल. जिला आधीच धूसर दिसतंय तिला काळा गॉगल! आणि जाताना दादाबरोबर फोटो. तो फोटो मी बघितला आहे. तीनशे लोकांच्या शिबिरात ऑपरेशनला किती घेतले ते कुणी छापलं नाही. फोटोत मात्र आत्या आहे, मान वळवलेली, हातात केळं.

आता तिसरं ठिकाण.

आश्विनात, आमच्या ओपीडीच्या ऐन गर्दीत, मला आत्याचा फोन आला. समोर खुर्चीत पेशंट, मागे बाकावर साठ जण, कंपाउंडर नंबर पुकारतोय. मी फोन खांद्यात धरला.

"विशा, डोळ्यात मोतीबिंदू म्हनतेत."

"कोण म्हणतं?"

"दादा म्हनला. शिबिरातबी म्हनले."

"बरं मग. घाबरू नको आत्या, मोतीबिंदू काही पळून जात नाही. दिवाळीच्या सुट्टीत आदर्श येईल ना, त्याच्याबरोबर ये इकडे."

"तवर पिकू देऊ का?"

मी म्हणाले, "दे."

एवढंच. फोनमध्ये बघितलं नंतर, एकोणतीस सेकंदांचा कॉल. आमच्या तपासणीच्या कागदावर पहिल्याच ओळीत छापलेलं आहे: डोळ्याला मार लागला होता का? दिवसातून साठ वेळा मी हा प्रश्न विचारते. न बघता विचारते, श्वास घ्यावा तसा. जेमतेम पन्नाशीच्या बाईला अचानक मोतीबिंदू म्हटल्यावर कुणीही शिकाऊ पोरगी हा प्रश्न विचारेल. मी माझ्या आत्याला विचारला नाही. तिला मी 'दे' म्हणाले. आणि वर मी इतकी वर्षं गावाकडच्या लोकांना हसत आले, पिकू द्या म्हणतात म्हणून.

दिवाळीला चार दिवस होते तेव्हा आत्याचा डोळा ठणकायला लागला. अर्धं डोकं धरलं, उलट्या झाल्या. गावातल्या कुणी पित्त म्हटलं, कुणी उपाशी राहिली असेल म्हटलं. दोन दिवस तिने लिंबू-सरबतावर काढले. आदर्श तिसऱ्या दिवशी सुट्टीवर आला, आईला बघितलं आणि कपडे न बदलता तिला लोह्याहून अहमदपूरमार्गे लातूरच्या गाडीत घातलं. वाटेत तिला उजेड सहन होईना म्हणून पदर तोंडावर घेऊन ती अख्ख्या प्रवासात बसली होती.

मी दाब मोजला. चांगल्या डोळ्यात तो वीस-एकवीसच्या आत असतो. आत्याच्या डोळ्यात बावन्न होता. मी यंत्र पुसून परत मोजला. बावन्नच.

आमचे डॉक्टर रेवणप्पा पंचावन्न वर्षांचे, कमी बोलणारे. त्यांनी सूक्ष्मदर्शकातून मिनिटभर बघितलं आणि विचारलं, "मावशी, याला मार लागलाय. कधी?"

"शिमग्याच्या टायमाला. चिंचोका उडला."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांना कुठे माहीत होतं? ते मला समजावून सांगायला लागले, जसं एरवी सांगतात. भिंग मार लागून फुगलंय, फुगून डोळ्यातल्या पाण्याची वाट अडलीय, दाब वाढून मागची नस दाबली गेलीय. भिंग काढता येईल. नस किती वाचली ते पट्टी सुटल्यावर कळेल. "उन्हाळ्यात आणलं असतं तर साधी केस होती," ते म्हणाले. "कुणी थांबवलं यांना?"

मी म्हणाले, "गावाकडे असंच असतं, सर."

हो, मी असं म्हणाले. लिहून ठेवते आहे, म्हणजे पुढे स्वतःला सोईस्कर विसर पडायला नको.

रात्रभर औषधांनी दाब उतरवला, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी सकाळी मीच पट्टी सोडली. आदर्श तिच्या उजव्या बाजूला उभा होता. आत्याने डोळा उघडला, दोनदा मिटला, परत उघडला.

"विशा," ती म्हणाली. "तू वाळलीस."

आदर्श हसला. "आई, मी दिसतो का?"

"कुठं हायस?"

तो तिच्या हातभर अंतरावर होता. ती मान फिरवत फिरवत त्याच्यापर्यंत आली तेव्हा तो दिसला. मग मी दिसेनाशी झाले.

"पोंगळीतून बघितल्यावानी दिसून राहिलं," ती म्हणाली. "जिथं बघते तिथलं साफ हाय. भवतालचं न्हाईच."

डॉक्टरांनी तपासलं. नस जेवढी वाचली तेवढ्याचं हे दिसणं. मधलं थोडंसं राहिलं, कडेचं सगळं गेलं. गेलेलं परत येत नाही. थेंब आयुष्यभर घालायचे, राहिलेलं सांभाळायचं. चालताना हाताला कुणीतरी लागणार, रस्ता ओलांडता येणार नाही, अंगणातलं भांडं पायाखाली आल्याशिवाय कळणार नाही. आणि वाचणं? डॉक्टर म्हणाले, "प्रयत्न करा. एकेक अक्षर दिसेल. अख्खी ओळ एकदम दिसायची नाही."

आत्याने हे सगळं ऐकून घेतलं. बाबांचा लोह्याहून फोन आला. "निघाला ना मोतीबिंदू? मी म्हनलं होतं, वेळेवर निघतो," ते म्हणाले. मी फोन आदर्शच्या हातात दिला, नाहीतर बापाला काय बोलले असते कोण जाणे.

चौथ्या दिवशी सुट्टी. आमचा दवाखाना एका ट्रस्टचा आहे, त्यामुळे मोफत ऑपरेशन झालेल्या प्रत्येक रुग्णाचा एक मराठी फॉर्म भरून ट्रस्टला पाठवायचा असतो. नाव, गाव, वय, निदान, निकाल. शेवटून दुसरा रकाना: 'उपचारास उशीर होण्याचे कारण'. तिथे काय लिहायचं हे ठरलेलं आहे. आधीच्या ताईंनी मला तसंच शिकवलं आणि मी पुढच्या पोरींना तसंच शिकवलं. सगळे तोच एक शब्द लिहितात. फॉर्म कधी परत येत नाही. त्या दिवशी सकाळी सात फॉर्म होते, मी सातही एका दमात भरले. आत्याचाही.

ती कॉटवर बसली होती, पिशवी भरून झालेली. मी फॉर्म सहीसाठी पुढे केला आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं.

"थांब," ती म्हणाली. "वाचल्याबिगर सही करत न्हाई मी."

तिने कागद डोळ्याजवळ घेतला. मान वळवायची सवय तशीच, पण आता ती पुरत नव्हती. तिने बोट ठेवलं आणि कागदच हळूहळू सरकवत राहिली, एकेक अक्षर त्या पोंगळीत आणत. स्वतःचं नाव वाचलं. भीमामामांचं नाव वाचलं. गाव वाचलं. शेजारच्या कॉटवरची बाई बोलायची थांबली. आदर्श पिशवी हातात घेऊन उभाच राहिला. त्याला वाटत होतं, आईला वाचता येतंय! त्याच्या डोळ्यात पाणी होतं. मलाही क्षणभर तेच वाटलं. मग तिचं बोट शेवटून दुसऱ्या रकान्यावर आलं आणि मला आठवलं की मी तिथे काय लिहिलं आहे. हात पुढे करून कागद ओढून घ्यावासा वाटला.

"अ," ती म्हणाली. मग कागद सरकवला. "ज्ञा." परत सरकवला. "न."

ती परत पहिल्या अक्षरावर आली. सगळा शब्द पुन्हा वाचला. मग वरचा मजकूर वाचला, कशाचा हा रकाना आहे ते बघायला. त्याला बराच वेळ लागला.

"हे कुनी लिवलं?"

"मी."

"कुनाचं?"

मी बाकीचे सहा फॉर्म सारखे करायला लागले.

"कुनाचं अज्ञान, विशा?" आवाज चढला नव्हता. विहारात वाचते तोच आवाज. "मी घरी बसून राहिले का? दादाकडं गेले, त्यो हेडमास्तर. शिबिरात दिसभर उन्हात उभी राहिले, ते साहेब. तुला फोन केला, तू तर डोळ्याच्याच दवाखान्यात. तीन ठिकानी इचारलं मी. ज्याला इचारलं त्यो माझ्याहून शिकल्याला. तिघांनीबी पिकू दे म्हनलं. अन् अज्ञान माझं?"

आदर्श म्हणाला, "आई, जाऊ दे. नुसता कागद हाय."

"कागद हाय म्हनूनच," ती म्हणाली. "बोललेलं इरून जातं. ह्ये ऱ्हातं. खोड ते."

मी पेन काढून तो शब्द खोडला. एक आडवी रेघ मारली.

"अजून वाचता येतंय. नीट खोड."

मी गिरवून गिरवून खोडला.

"आता लिव्ह. रुग्णानं तीन ठिकानी इचारलं. तिन्ही ठिकानी थांबा म्हनून सांगितलं."

मी लिहिलं. रकाना संपला, तेव्हा मी समासात लिहायला घेतलं.

"नावं लिव्ह."

मी लिहिलं, 'आनंदराज, निवृत्त मुख्याध्यापक, लोहा.' माझ्या बापाचं नाव मी आजवर कुठल्याच कागदावर अशा कामासाठी लिहिलं नव्हतं. त्याच्याखाली लिहिलं, 'मोफत नेत्र शिबिर, लोहा, तपासणारी व्यक्ती अज्ञात.' आणि पूर्णविराम दिला. पेनाला टोपण घातलं.

आत्याने कागद परत डोळ्याजवळ घेतला. अक्षर, मग कागद सरकवणं, मग पुढचं अक्षर. बाहेर ओपीडीत कंपाउंडर नंबर पुकारत होता, मला उशीर होत होता, आणि तिला कसलीच घाई नव्हती. पूर्णविरामापाशी आल्यावर तिने बोट तिथेच ठेवलं आणि मान वर करून मला शोधलं. भिंत, खिडकी, आदर्श, मग मी.

"तिसरं कुठाय?"

मी टोपण काढलं आणि माझं नाव लिहिलं. पूर्ण, हुद्द्यासकट.

तिने तेही अक्षर अक्षर वाचलं आणि मगच खाली सही केली.